हंसण्याची परवानगी

आजच्या माझ्या विषयांत आरंभींच एक अडचण आहे. ज्या गाण्यांविषयीं मला बोलावयाचें आहे, त्यांतील एकही ओळ मला आपणांस ऐकवितां येणार नाहीं. समोरच्या कांचेपलीकडे आकाशवाणीचे अधिकारी बसलेले आहेत, आणि आपल्या घरोघरीं या वेळीं जेवणाचीं पानें मांडलीं जात असतील. कीर्तनांत शृंगाराचा प्रसंग आला म्हणजे जुने हरिदास डोळे मिटून घेत आणि 'असो' म्हणून पुढें जात. तसें मलाही आज पुष्कळदां 'असो' म्हणावें लागेल. माझी ही अडचण आपण कृपा करून लक्षांत असूं द्यावी. कारण अगदीं हीच अडचण एकदां एका न्यायालयावर ओढवली होती, आणि तिच्यांतून जी फजिती झाली तीच मी आज सांगणार आहें.

परंतु तें न्यायालय अमेरिकेंत आहे. तेथवर जाण्यापूर्वीं दोन मिनिटें आमच्या इमारतीच्या गच्चीवर थांबूं.

गेल्या गणेशोत्सवांत आमच्या इमारतींतील मुलांनीं एक 'रॅप' रचिलें. हा शब्द ज्या घरांत अजून शिरला नसेल त्यांच्यासाठीं सांगतों: ठेक्याच्या साथीवर, गाण्यापेक्षां बोलण्याच्या अधिक जवळच्या आवाजांत, यमकामागून यमक फेंकीत जावयाचें, असा हा प्रकार आहे. अमृतरायांचे कटाव ज्यांनीं ऐकले असतील त्यांना त्याच्या धांवेची कल्पना सहज येईल. मुलांच्या रचनेचा विषय होता पाण्याची टांकी, आणि टांकीच्या अनुषंगानें आमच्या चिटणीसांचें कर्तृत्व. चिटणीसांनीं हरकत घेतली. पण ती आपल्या निंदेला नव्हे, 'भाषे'ला. सार्वजनिक कार्याचा मुरलेला अनुभव असा उपयोगीं पडतो! सभा भरली. मी निवृत्त मराठी शिक्षक; तेव्हां "सर, तुम्हीच हें सगळ्यांपुढें वाचून दाखवा, आणि यांत अश्लील किती तें सांगा," अशी मला आज्ञा झाली. मीं चष्मा लावला, आणि पस्तीस वर्षें ज्या आवाजांत मोरोपंतांची केकावली शिकविली त्याच आवाजांत तें कवन वाचूं लागलों. तिसऱ्या ओळीला मागें कोणीतरी खोकलें. पांचव्या ओळीला खिदळणें ऐकूं आलें. आठव्या ओळीला खुद्द अध्यक्षांनीं तोंडाला रुमाल लावला.

पुढें काय झालें तें मी शेवटीं सांगेन. कारण त्या रात्रीं अंथरुणावर पडल्यावर मला आठवलें कीं, आमच्या गच्चीवर जें झालें तेंच १९९० सालीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत, भर न्यायालयांत आणि शपथेवर झालें होतें. आणि तेथें प्रश्न पाण्याच्या टांकीचा नव्हता, माणसांना तुरुंगांत पाठविण्याचा होता.

रॅपचें जन्मस्थान न्यूयॉर्क शहराचा ब्राँक्स हा भाग. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं तेथील सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतींत, मूळचा जमैकाचा असलेला आणि पुढें कूल हर्क या नांवानें प्रसिद्धीस आलेला एक तरुण आपल्या बहिणीच्या मेजवानींत तबकड्या वाजवीत होता. तो दिवस या कलेचा वाढदिवस मानण्यांत येतो. तबकडींतला नाचावयास सर्वांत चांगला असा ठेक्याचा तुकडाच पुन्हां पुन्हां वाजवावयाचा, ही त्याची युक्ति. त्या ठेक्यावर माणसें बोलूं लागलीं, मग यमकांत बोलूं लागलीं, आणि मग एकमेकांना यमकांतच टोले देऊं लागलीं. वाद्यवृंद बाळगण्याची ऐपत नव्हती; जुन्या तबकड्या होत्या आणि जीभ होती. जगांतील पुष्कळशा लोककलांचें भांडवल याहून फारसें मोठें नसतें.

त्यानंतर सोळा वर्षांनीं, म्हणजे १९८९ सालीं, मायामी येथील 'टू लाइव्ह क्रू' नांवाच्या कृष्णवर्णीय गायकांच्या मेळ्यानें एक गीतसंग्रह बाजारांत आणला. त्याच्या नांवाचा अर्थ 'वाटेल तितके ओंगळ' असा होतो. नांव ठेवण्याच्या बाबतींत या मंडळींनीं गिऱ्हाइकाची फसवणूक केली, असें त्यांचा शत्रूही म्हणूं शकणार नाहीं. त्याच सुमारास त्यांनीं 'वाटेल तितके स्वच्छ' अशा अर्थाच्या नांवाचा एक सोंवळा संग्रहही काढला. त्या सोंवळ्या संग्रहानें पुढें काय प्रताप केला तें यथाक्रम येईलच. ओंवळ्या संग्रहाचा खप सुमारें वीस लाख प्रतींवर गेला.

या गीतांत होतें काय? स्त्रीपुरुषांच्या एकांताविषयीं बेसुमार फुशारकी, स्वतःच्या पराक्रमाचीं भीमाला लाजविणारीं वर्णनें, आणि स्त्रियांना उद्देशून वापरलेले अत्यंत हीन शब्द. मीं तीं ऐकलीं आहेत; ऐकल्यावांचून त्यांविषयीं बोलणें मला प्रशस्त वाटलें नाहीं. प्रथम कान तापतात. मग कांहीं ठिकाणीं ती अतिशयोक्ति इतकी अचाट होते कीं, मनांत नसतांना हंसूं येतें. आणि थोड्या वेळानें कंटाळा येतो. असो.

मायामीच्या शेजारीं ब्रॉवर्ड नांवाचा परगणा आहे. तेथील शेरीफ, म्हणजे पोलिसांचे मुख्य, निक नव्हारो यांना कंटाळा आला नाहीं, संताप आला. त्यांचे शिपाई दुकानोदुकान फिरले आणि 'हा संग्रह विकाल तर पकडले जाल' अशी समज देऊन आले. दुकानदारांनीं माल फळीवरून उतरविला. तेव्हां ल्यूथर कँबेल या म्होरक्याच्या पुढाकारानें मेळाच उलट शेरीफविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयांत गेला.

आतां अमेरिकेंत अश्लील कशाला म्हणावें याची एक कसोटी तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९७३ सालीं घालून दिलेली आहे. तींत तीन प्रश्न विचारावयाचे असतात. सामान्य मनुष्यानें आपल्या समाजाचीं आजचीं मानें लावून पाहिलें असतां, ती कृति एकंदरींत केवळ कामवासना चाळविण्यासाठींच आहे काय? कायद्यानें नमूद केलेल्या लैंगिक गोष्टींचें तींत उघड उघड किळसवाणें वर्णन आहे काय? आणि तींत वाङ्मय, कला, राजकारण वा शास्त्र या दृष्टीनें खरोखरीचें असें कांहींच मोल नाहीं काय? तिन्ही प्रश्नांना 'होय' असें उत्तर आलें तरच कृति अश्लील. कसोटी सुबक आहे. पण तिच्यांतील 'आपला समाज' म्हणजे नक्की कोणाचा, हें कसोटी सांगत नाहीं. आणि सगळें नाटक तेथेंच आहे.

६ जून १९९० रोजीं न्यायाधीश होझे गोन्झालेझ यांनीं निकाल दिला. हा लढा 'कांहींही चालेल' आणि 'आतां पुरे' या दोन पुरातन वैऱ्यांमधला आहे, अशी त्याची सुरुवात आहे. तें वाचतांना मला वाटलें, हे गृहस्थ कांहीं दिवस आमच्या घरीं राहून गेले असावेत. कारण यांतील पहिला वैरी माझ्या नातवाच्या खोलींत राहतो आणि दुसरा माझ्या. न्यायाधीशांनीं तो संग्रह अश्लील ठरविला. संघराज्याच्या न्यायालयानें गाण्याच्या तबकडीला अश्लील ठरविण्याची ही पहिलीच वेळ. परंतु त्याच निकालांत त्यांनीं असेंही म्हटलें कीं, रीतसर निर्णय होण्याआधींच शेरीफच्या माणसांनीं दुकानदारांना दिलेली दटावणी बेकायदेशीर होती. म्हणजे गाणारे हरले आणि शेरीफही चुकले. उभयतांना छडी मारणारे असे पंतोजी आपल्या लहानपणीं असत.

निकालाला दोन दिवस होतात तोंच फोर्ट लॉडरडेल येथील एका कृष्णवर्णीय दुकानदाराला अटक झाली. त्यानें तो संग्रह साध्या वेषांतल्या पोलिसाला विकला होता. आणखी दोन दिवसांनीं, १० जूनला, मेळ्याचा एक जलसा झाला. गांवाचें नांव हॉलिवुड. पण हें तें चित्रपटांचें हॉलिवुड नव्हे. फ्लॉरिडांतही त्या नांवाचें एक गांव आहे. जलसा केवळ प्रौढांसाठीं होता आणि श्रोते पैसे देऊन आले होते. त्या श्रोत्यांत पोलिसही होते, आणि त्यांच्याजवळ लपविलेलें ध्वनिमुद्रणाचें यंत्र होतें. जलशानंतर कँबेल आणि त्यांचे सोबती पकडले गेले. पुढें एकंदर तिघां गायकांवर खटला भरण्यांत आला.

दोन्ही खटले ऑक्टोबर महिन्यांत, एकाच परगण्यांत चालले. पहिला दुकानदाराचा. त्या खटल्याचे सगळे पंच गोरे होते. ३ ऑक्टोबरला त्यांनीं त्याला दोषी ठरविलें, आणि पुढें त्याला एक हजार डॉलर दंड झाला. ज्यानें एकही ओळ रचिली नव्हती आणि एकही शब्द गायिला नव्हता, केवळ फळीवरून काढून हातीं दिला होता, तो अपराधी ठरला. आपणांस हें ऐकून आश्चर्य वाटेल. पण आपल्या मुंबईची गोष्ट याहून निराळी नाहीं. 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही इंग्रजी कादंबरी विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९६४ सालीं कायम केली. आणि तींच पानें छापणारा प्रकाशक विलायतेंत १९६० सालींच निर्दोष सुटलेला होता. वादळ लेखकाच्या नांवानें उठतें, आणि छप्पर उडतें तें दुकानदाराचें.

आतां दुसरा खटला. पीठासनावर न्यायाधीश जून जॉन्सन या बाई होत्या. पंच सहा. सरकारपक्षाचा मुख्य पुरावा म्हणजे तें चोरून घेतलेलें ध्वनिमुद्रण. तें अत्यंत वाईट होतें. ठेका, गर्दीचा गलका आणि खरखर यांतून शब्द वेंचून काढणें पंचांना जमेना. आतां आली का तीच माझी अडचण? गुन्हा शब्दांचा, आणि शब्द तर ऐकूं येत नाहींत! मग ते शब्द सांगावयाचे कोणीं? ज्या पोलिसांनीं ते टिपले त्यांनीं. अशा रीतीनें कायद्याच्या रक्षकांना साक्षीच्या पिंजऱ्यांत उभें राहून, शपथ घेऊन, तीं गीतें पंचांना समजावून सांगावीं लागलीं.

श्रोतेहो, हें दृश्य आपण क्षणभर डोळ्यांपुढें आणा. पोलिसाला पंचनामा वाचण्याचा अभ्यास असतो. 'पितळी पातेलीं दोन, तांब्या एक, खुंटीवरील कोट एक' हें ज्या निर्विकार आवाजांत वाचावयाचें, त्या आवाजांत त्या अचाट फुशारक्या! गाणाऱ्याच्या तोंडीं ज्या शब्दांनीं कान तापतात, तेच शब्द पंचनाम्याच्या चालींत ऐकले म्हणजे मनुष्य असहाय्य होतो. पंचांचे चेहरे लाल होऊं लागले. कोणी खालीं पाहूं लागलें, कोणी ओंठ चावूं लागलें. न्यायालयांत पंचानें हंसणें हा औचित्यभंग. न हंसणें शरीराला अशक्य. शेवटीं त्यांनीं न्यायाधीशबाईंकडे एक चिठी पाठविली. चिठींत कायद्याचा मुद्दा नव्हता. 'आम्ही हंसलों तर चालेल काय?' एवढाच प्रश्न होता. हंसूं दाबून धरल्यामुळें कांहीं जणांना शारीरिक त्रास होऊं लागला आहे, असें कारणही दिलें होतें.

बाईंनीं परवानगी दिली.

माझ्या मतें खटल्याचा निकाल त्याच क्षणीं लागला. ज्या कृतीला मनुष्य हंसतो तिनें केवळ कामवासना चाळविली जाते, असें त्याच मनुष्यानें पुढें कोणत्या तोंडानें म्हणावें? २० ऑक्टोबरला पंच विचारासाठीं आंत गेले आणि थोड्याच वेळांत तिघांनाही निर्दोष ठरवून बाहेर आले. दुकानदार अपराधी आणि गायक निर्दोष, असे दोन न्याय एकाच परगण्यांत तीन आठवड्यांच्या आंत झाले.

परंतु पंचांना केवळ पोलिसांच्या आवाजानेंच शहाणें केलें असें मी म्हणणार नाहीं. बचावाच्या बाजूनें एका विद्वानाची साक्ष झाली होती. हेन्री लुई गेट्स हे त्या वेळीं ड्यूक विद्यापीठांत प्राध्यापक होते, आणि कृष्णवर्णीयांच्या वाङ्मयपरंपरेचे गाढे अभ्यासक. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: शिवराळ अतिशयोक्तीचे शब्दांचे सामने हा कृष्णवर्णीय समाजांतील जुना खेळ आहे. 'डझन्स' नांवाच्या खेळांत तर दोघांनीं एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करावयाचा. ज्याला राग आला तो हरला. गोऱ्या समाजानें कृष्णवर्णीय पुरुषाविषयीं जी एक भयंकर आणि कामांध प्रतिमा उभी केली, तीच हे गायक इतकी फुगवून दाखवितात कीं ती हास्यास्पद व्हावी. म्हणून तें शब्दशः घेऊं नये.

हें ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांना शिमगा आठवला असेल. वर्षांतून चार दिवस भल्या भल्या गृहस्थांच्या दारांत उभें राहून बोंब मारावयाची, आणि गृहस्थानेंही ती निमूटपणें ऐकावयाची, ही रीत आपल्याकडे कोणा परक्या पोलिसानें टिपून घेतली असती तर गांवेंच्या गांवें कोठडींत गेलीं असतीं. कलगीवाले आणि तुरेवाले रात्ररात्र एकमेकांना सवालांनीं जेरीस आणीत, त्यांत सगळेंच अध्यात्म नसे. पेशवाईंतील शाहिरांच्या ज्या लावण्या आज आपण विद्यापीठांत अभ्यासाला लावतों, त्या सगळ्या आपल्या आजीपुढें म्हणतां येतील असें छातीवर हात ठेवून कोण सांगेल? ज्या बोलण्याचा संकेत आपणांस ठाऊक असतो तें बोलणें आपणांस खेळ वाटतें; ज्याचा संकेत ठाऊक नसतो तें धमकी वाटतें. ब्रॉवर्ड परगण्यांत एका आळीचा खेळ दुसऱ्या आळीच्या कायद्यानें मोजला गेला, हें या प्रकरणाचें खरें मर्म आहे.

वरिष्ठ न्यायालयानेंही १९९२ सालीं याच्या जवळचेंच बोलून दाखविलें. गोन्झालेझ यांचा निकाल त्यानें फिरविला. कारण असें कीं, संग्रहांत कलामूल्य नाहीं असें दाखविणारा कांहींच पुरावा शेरीफनें आणला नव्हता. नुसती ध्वनिफीत ऐकून न्यायाधीशांनीं आपल्याच अभिरुचीनें तें ठरवावें, हें त्या न्यायालयाला मान्य झालें नाहीं. आपल्याकडे चंद्रकांत काकोडकर यांना हाच अनुभव निराळ्या वाटेनें आला. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. ते दोषी ठरले, आणि १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांना सोडलें. दिवाळीचा फराळ सात वर्षें पचत होता!

आतां त्या सोंवळ्या संग्रहाचा प्रताप. त्यांत रॉय ऑर्बिसन यांच्या १९६४ सालच्या एका अत्यंत लोकप्रिय प्रेमगीताचें विडंबन होतें. मूळ गीतांतल्या सुंदर स्त्रीच्या जागीं या मंडळींनीं केसाळ, टकली आणि बेइमान अशा नायिका आणून बसविल्या. गीताच्या मालकांनीं परवानगी नाकारली होती; यांनीं तरीही तें छापलें. खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ७ मार्च १९९४ रोजीं नवांच्या नवां न्यायमूर्तींनीं एकमतानें सांगितलें कीं, विडंबन हें विक्रीसाठीं केलेलें असलें तरी मूळ कृतीचा न्याय्य उपयोग ठरूं शकतें. आणि तें सुरुचीला धरून आहे कीं नाहीं, याच्याशीं या प्रश्नाचा संबंध नाहीं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ति डेव्हिड सूटर हे गंभीर प्रकृतीचे विद्वान गृहस्थ. त्यांनीं निकालाला परिशिष्टें जोडलीं: पहिल्यांत मूळ प्रेमगीत आणि दुसऱ्यांत विडंबन, दोन्ही संपूर्ण. त्यामुळें ज्या मेळ्याचे शब्द एका परगण्यांत उच्चारणें गुन्हा ठरूं पाहत होता, त्याच मेळ्याची केसाळ नायिका आज त्या देशांतील प्रत्येक विधिग्रंथालयांत कातडी बांधणीच्या ग्रंथांत विराजमान आहे. केशवकुमारांच्या 'झेंडूच्या फुलां'वर वाढलेल्या आपल्यासारख्यांनीं या निकालाला एक नमस्कार करावयास हरकत नाहीं.

येथें पडदा पाडला असता तर सुखान्त नाटक झालें असतें. पण तसें करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. हें सगळें हंसणें चाललें असतां एका बाजूला कोणी तरी उभें होतें, आणि त्याच्याकडे ना शेरीफनें पाहिलें, ना प्राध्यापकांनीं. किंबर्ली क्रेनशॉ या कृष्णवर्णीय विदुषी कायद्याच्या अध्यापिका आहेत. त्यांनीं १९९१ सालीं या प्रकरणावर एक लेख लिहिला. त्यांचा सूर असा होता कीं, याहून भयंकर गोष्टी गोरे लोक खुशाल विकत असतां नेमका हाच मेळा पकडला गेला, यांत वर्णद्वेष आहे, हें मला दिसतें. म्हणून या खटल्याच्या मी विरुद्ध आहें. पण हा नुसता खेळ आहे, परंपरा आहे, विनोद आहे, असें सांगून माझें समाधान होत नाहीं. कारण त्या खेळांत चिरडली जाणारी स्त्री बहुतेक माझ्याच वर्णाची आहे. तिला एकीकडून शेरीफ आपल्या लढाईंत पुढें करतो, आणि दुसरीकडून तिचेच बांधव 'तूं हंसत कां नाहींस?' म्हणून विचारतात.

हा लेख मीं वाचला तेव्हां, पंचांच्या त्या चिठीवर मनमुराद हंसलेला मी जरा गप्प झालों. पंचांना हंसण्याची परवानगी मिळाली तें योग्यच झालें. विनोदाला तुरुंगांत टाकतां कामा नये, हें मला पटलेलें आहे. परंतु हंसण्याच्या परवानगीबरोबर न हंसण्याचीही परवानगी असली पाहिजे. आणि ती कोणत्याही न्यायाधीशाला देतां येत नाहीं. ती आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं एकमेकांना द्यावी लागते.

आणि आतां पुन्हां आमची गच्ची.

माझें वाचन संपलें तेव्हां सभेंत कोणीही कोणाकडे पाहण्याच्या स्थितींत नव्हतें. कोंकणांतून आलेल्या ऐशीं वर्षांच्या एक काकू कोंपऱ्यांत बसल्या होत्या. त्या डोळे पुशीत म्हणाल्या, "अहो सर, एवढ्यावर सभा? आमच्या गांवीं शिमग्याला याहून जास्त तर चहाच्या आधीं ऐकावें लागे!" झालें, चिटणीस स्वतःच हंसले, आणि हरकत बारगळली. टांकीही दुसऱ्या आठवड्यांत दुरुस्त झाली, हें मुद्दाम नमूद करतों. मुलें विजयी मुद्रेनें कागद गोळा करूं लागलीं.

त्या कवनांत शेवटीं दोन ओळी आमच्या जिने झाडणाऱ्या बाईंवर होत्या. त्यांच्या चालीवर आणि बोलण्याच्या ढबीवर. अश्लील त्यांत कांहींही नव्हतें. चिटणीसांच्या आक्षेपांच्या यादींतही त्या ओळी नव्हत्या. मीं त्या वाचल्या तेव्हां सर्वांबरोबर मीही हंसलों होतों. सभा उठली तेव्हां मीं पाहिलें, त्या बाई खुर्च्या उचलण्यासाठीं येऊन दाराशीं उभ्या होत्या. केव्हांपासून उभ्या होत्या कोण जाणे. त्या हंसत नव्हत्या. रागावलेल्याही दिसत नव्हत्या. त्या खुर्च्यांकडे पाहत होत्या.

कवन रचणारा मुलगा माझ्या शेजारींच उभा होता. त्यानेंही तें पाहिलें. मीं त्याला कांहीं म्हटलें नाहीं. मला त्या वेळीं कांहीं सुचलेंही नाहीं. उत्सवांत तें कवन झालें, आणि टाळ्या घेऊन झालें. चिटणीसांवरील एकही शब्द गाळलेला नव्हता; किंबहुना दोन नवे घातले होते. त्या शेवटच्या दोन ओळी मात्र नव्हत्या. कोणत्याही सभेनें त्या काढावयास सांगितल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशीं तो जिन्यांत भेटला तेव्हां मीं विचारलें, "शेवट कां बदललास रे?"

तो म्हणाला, "सर, यमक जुळत नव्हतें."

यमक उत्तम जुळत होतें. पस्तीस वर्षें शिकविलें आहे, एवढें मला कळतें. पण मींही मान डोलावली आणि म्हणालों, "असो."